आंब्याची पट्टी, नेस्टेड डेटा आणि एसक्यूएल: फक्त 'फ्रॉम'चा अर्थ वाढवला तर?

जांभाकातळ (देवगड)

नमस्कार मंडळी. आमच्या भागातल्या काही बागायतदारांचा हिशेब वहीतून डेटाबेसमध्ये आणायचं काम हाती घेतलं आहे. त्यात एक प्रश्न असा आला की त्यावर सविस्तर चर्चा व्हावी असं वाटतं: पोटात याद्या असलेला (नेस्टेड) डेटा कसा ठेवायचा, आणि एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, त्यासाठी कशी वाढवायची? धागा तांत्रिक आहे, पण उदाहरण कोकणातल्या प्रत्येक घराला माहीत असलेलं आहे.

वाशीला पेट्या गेल्या की दलालाकडून पट्टी येते. पट्टीवर तारीख, गाडी आणि बागायतदाराचं नाव एकदाच असतं. खाली ओळी: चार डझनी पेट्या किती आणि काय भावाने, पाच डझनी किती, सहा डझनी किती. त्याखाली वजावटी: भाडं, हमाली, आणि त्या त्या पेढीच्या पद्धतीप्रमाणे आणखी काही. शेवटी निव्वळ रक्कम. म्हणजे एक वस्तू, तिच्या पोटात दोन याद्या, आणि दोन्ही याद्यांची लांबी दर पट्टीला वेगळी.

हे ठेवायचे नेहमीचे मार्ग दोन. पहिला, तीन टेबलं करायची: पट्टी, ओळ, वजावट. दुसरा, अख्खी पट्टी जेसन म्हणून (किल्ली आणि तिचं मूल्य अशा जोड्यांचा मजकूर) एका रकान्यात ठेवायची. पहिल्या मार्गात साधी एक पट्टी पडद्यावर दाखवायची तरी तीन टेबलं जोडा आणि परत प्रोग्रॅममध्ये ती गुंडाळून एक करा. दुसऱ्या मार्गात डेटाबेसला आत काय आहे याचा पत्ता नसतो. मग प्रत्येक गोष्टीसाठी एक वेगळं फंक्शन शिकायचं, आणि दर कंपनीच्या डेटाबेसमध्ये त्याचं नाव वेगळं.

माझं म्हणणं असं आहे की या दोन मार्गांमधली भिंत खरं तर एसक्यूएलच्या एका नियमामुळे उभी आहे. डेटा कुठून घ्यायचा ते सांगणाऱ्या 'फ्रॉम'नंतर फक्त टेबल येऊ शकतं, आणि तिथलं उपनाव (टेबलाला दिलेलं छोटं नाव) म्हणजे त्या टेबलची एक ओळ, हा तो नियम. तो थोडा सैल करा. 'फ्रॉम'नंतर कुठलाही संग्रह येऊ द्या, मग ते टेबल असो की आधीच्या उपनावाच्या पोटातली यादी. उपनाव म्हणजे त्या संग्रहातली एक वस्तू, मग ती सपाट ओळ असो, रचना असो की नुसता आकडा. मग हे लिहिता येतं:

सिलेक्ट प.क्रमांक, ओ.डझन, ओ.पेट्या
फ्रॉम पट्ट्या प, प.ओळी ओ
व्हेअर ओ.भाव > १५००

एसक्यूएल येणाऱ्या कुणालाही हे न शिकवता वाचता येईल. नवं फंक्शन नाही, नवं चिन्ह नाही. स्वल्पविरामाचा अर्थही जुनाच: डावीकडच्या प्रत्येक वस्तूसाठी उजवीकडच्या प्रत्येक वस्तूवरून फिरा. एवढंच की उजवी बाजू आता डावीवर अवलंबून असू शकते.

दुसरी गोष्ट बाहेर पडण्याची. उत्तरही नेस्टेड देता आलं पाहिजे. आज तुम्ही 'सिलेक्ट'च्या यादीत उपप्रश्न लिहिलात आणि त्याने एकाहून जास्त ओळी दिल्या, तर डेटाबेस चूक दाखवून थांबतो. त्याऐवजी त्या ओळींची यादीच उत्तरात बसली तर दलालामागे त्याच्या सगळ्या पट्ट्या, प्रत्येक पट्टीत तिच्या ओळी, असा थेट अहवाल एका प्रश्नात निघेल.

हा विचार माझा नाही, तसा दावाही नाही. सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात यानिस पापाकॉन्स्टँटिनू आणि सहकाऱ्यांनी २०१४ च्या सुमारास एसक्यूएल प्लस प्लस ही भाषा मांडली, तिचा गाभा हाच आहे. ॲस्टरिक्सडीबी आणि काउचबेस या डेटाबेसांनी ती उचलली, आणि अ‍ॅमेझॉनने २०१९ मध्ये पार्टीक्यूएल आणली तीही त्याच घराण्यातली.

मला तुमच्याकडून हे हवं आहे: कुठे नेस्टेड ठेवावं आणि कुठे ठेवू नये? ज्यांनी हे प्रत्यक्ष वापरलं त्यांना काय त्रास झाला? आमच्याकडे मुख्य डेटाबेस पोस्टग्रेस आहे आणि बागेत फोनवर एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस, कारण सड्यावर नेटवर्कचा भरवसा नाही.

---

रापणकर (मालवण)

बरां केलंत धागो काढून. पण मी विरुद्ध बाजू मांडणार आहे, आणि ती मनापासून मांडणार आहे.

पहिल्या सामान्य रूपाचा नियम (एका रकान्यात एकच मूल्य, यादी नाही) कुणी उगाच लादलेला नाही. रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडणारे एडगर कॉड यांचा जून १९७० चा मूळ लेख काढून वाचा. त्यातलं उदाहरणच नेस्टेड आहे: कर्मचारी, त्याच्या आत नोकरीचा इतिहास, त्याच्याही आत पगाराचा इतिहास, आणि बाजूला मुलं. म्हणजे नेस्टेड रचना त्यांना सुचली नव्हती असं नाही. ती समोर ठेवून त्यांनी तिची चार सपाट टेबलं करून दाखवली. त्यामागचं कारण आजही तसंच उभं आहे: सपाट टेबलाला कुठूनही प्रश्न विचारता येतो. नेस्टेड रचना एका दाराने आत जाणाऱ्याची सोय करते आणि बाकीच्यांना फेरा घालायला लावते.

तुमचंच उदाहरण घ्या. 'ही पट्टी दाखव' हा एक प्रश्न झाला. पण एप्रिल संपताना बागायतदार काय विचारतो? 'या हंगामात पाच डझनीला कुणी किती भाव दिला?' हा प्रश्न पट्टीच्या दारातून येतच नाही. तो ओळींच्या दारातून येतो, आणि तुमच्या ओळी हजारो पट्ट्यांच्या पोटात बसलेल्या आहेत.

आणखी तीन अडचणी, थोडक्यात. पोटातल्या मूल्याला फॉरेन की (दुसऱ्या टेबलात ती नोंद आहे ना हे तपासणारा दुवा) लावता येत नाही, त्यामुळे नसलेल्या दलालाचा क्रमांकही आत जाऊन बसेल. पोस्टग्रेसमध्ये जेसनबीतला (जेसन ठेवायचा त्याचा बायनरी प्रकार) एक आकडा बदलला तरी तो अख्खा रकाना नव्याने लिहिला जातो. आणि प्लॅनरकडे, म्हणजे प्रश्न कसा चालवायचा ते ठरवणाऱ्या भागाकडे, त्या रकान्याच्या आतल्या किल्ल्यांची आकडेवारी नसते, म्हणून 'भाव > १५००' ला किती ओळी येतील याचा त्याचा अंदाज वाऱ्यावर असतो. डेटा वाढला की चुकीचा प्लॅन निवडला जातो आणि मग रात्री दोनला कुणीतरी मला फोन करतं.

---

जांभाकातळ (देवगड)

रापणकर, तिन्ही अडचणी खऱ्या आहेत. पण त्यातली एकही प्रश्न लिहिण्याच्या भाषेची नाही. त्या साठवणीच्या आहेत. मला या दोन गोष्टी वेगळ्या काढायच्या आहेत.

तुमचा हंगामाचा प्रश्न नव्या 'फ्रॉम'ने असाच लिहिता येतो:

सिलेक्ट प.दलाल, अ‍ॅव्हरेज(ओ.भाव)
फ्रॉम पट्ट्या प, प.ओळी ओ
व्हेअर ओ.डझन = ५
ग्रुप बाय प.दलाल

(पेट्यांच्या संख्येने भारित सरासरी हवी, ती काढणं कठीण नाही. इथे मांडणी दाखवायची आहे.)

ओळी खाली वेगळ्या टेबलात असतील की पोटात, हे लिहिणाऱ्याला कळायची गरज नाही. उद्या साठवण बदलली तरी प्रश्न तोच राहावा. भाषेने दोन्हींना सारखं वागवलं तरच हे शक्य आहे. आज ती वागवत नाही, म्हणून आपण सुरुवातीलाच एक बाजू निवडतो आणि पुढे अडकतो.

---

खाडीकिनारी (मूळ दाभोळ, सध्या पुणे)

चांगला धागा. यातला इतिहास थोडा भरतो, कारण 'नेस्टेड' म्हणजे जेसननंतर आलेलं फॅड असा समज फार आहे.

१९७७ मध्येच माकिनोउची यांनी पहिलं सामान्य रूप सोडून दिलेल्या रिलेशन्सचा (टेबलांचा) विचार मांडला होता. १९८२ मध्ये येश्के आणि शेक यांनी नेस्ट (ओळी गोळा करून यादी करणं) आणि अननेस्ट (यादी उलगडून ओळी करणं) या दोन क्रियांचं बीजगणित दिलं. रॉथ, कॉर्थ आणि बेटोरी यांनी १९८७ मध्ये एसक्यूएलचा विस्तार सुचवला, त्याचं नाव एसक्यूएल-एनएफ. आयबीएमच्या हायडेलबर्ग केंद्रात नेस्टेड टेबलांची प्रायोगिक प्रणालीही झाली. हे सगळं वेब येण्याच्या आधीचं.

त्या बीजगणितातली एक गोष्ट जांभाकातळ यांनी लक्षात ठेवावी. नेस्ट केल्यावर अननेस्ट केलं की मूळ टेबल परत मिळतं. उलट मात्र नेहमी मिळत नाही. अननेस्ट करून परत नेस्ट केलं तर ज्यांची यादी रिकामी होती त्या वस्तू गायब झालेल्या असतात, आणि एकाच किल्लीच्या दोन वेगळ्या वस्तू असल्या तर त्या एकात मिसळून जातात. हे प्रत्यक्षात कुठे चावतं ते पुढे कुणीतरी सांगेलच.

एसक्यूएलच्या अधिकृत मानकात हे हळूहळू शिरत गेलं. एसक्यूएल १९९९ मध्ये अ‍ॅरे, रो प्रकार, अननेस्ट आणि लॅटरल ('फ्रॉम'मधल्या उपप्रश्नाला डावीकडचं टेबल वापरू देणारा शब्द) आले. २००३ मध्ये मल्टिसेट (क्रम नसलेला संग्रह) आला. म्हणजे 'उपप्रश्नाचं उत्तर यादी म्हणून दे' हे मल्टिसेट आणि त्यापुढे कंसात उपप्रश्न, असं कागदावर तेव्हापासून लिहिता येतं. ओरॅकलने तर १९९७ च्या आठव्या आवृत्तीतच नेस्टेड टेबलं दिली होती. पण बहुतेकांनी मल्टिसेट राबवला नाही आणि लोकांनीही मागितला नाही. मग जेसन आलं आणि मागणी अचानक उभी राहिली. २०१६ च्या मानकात जेसनचं टेबल करून देणारं जेसन_टेबल आणि सोबतची फंक्शनं आली, २०२३ च्या मानकात जेसन हा स्वतंत्र प्रकार झाला आणि साध्या टिंबाने आत जायची सोय झाली.

रापणकरांच्या साठवणीच्या मुद्द्याला एक जोड. नेस्टेड म्हणजे आतलं दिसत नाही असा ढीग, असं असायलाच हवं असं नाही. गूगलच्या ड्रेमेल या विश्लेषण प्रणालीवरच्या २०१० च्या लेखात नेस्टेड नोंदी स्तंभनिहाय ठेवायची रीत आहे. 'ओळी.भाव' हा सगळ्या पट्ट्यांमधला भाव एका सलग रांगेत बसतो, आणि प्रत्येक मूल्यासोबत दोन छोटे आकडे: ही यादी कुठल्या पातळीवर पुन्हा सुरू झाली, आणि वाट किती खोलीपर्यंत भरलेली आहे. एवढ्यावर मूळ रचना जशीच्या तशी उभी करता येते. २०१३ मध्ये आलेलं पार्के हे फाइलचं स्वरूप त्याच रीतीवर आहे. तिथे 'पाच डझनीचा भाव' शोधायला अख्खी पट्टी वाचावी लागत नाही. म्हणून बिगक्वेरी किंवा डकडीबी या विश्लेषणाच्या डेटाबेसांत स्ट्रक्ट (रचना) आणि यादी हे पहिल्या दर्जाचे प्रकार आहेत, आणि तुम्हाला हवा तो स्वल्पविराम बिगक्वेरीत जवळजवळ तसाच चालतो.

मात्र हे सगळं वाचनासाठी. रोजची नोंद, दुरुस्ती, रद्द करणं या कामांना स्तंभनिहाय साठवण सोयीची नाही.

---

सागरवेळ (रत्नागिरी)

मी अजून शिकतोय. खाडीकिनारी सर, 'रिकामी यादी असलेल्या वस्तू गायब' हे नीट कळलं नाही. स्वल्पविराम लावल्याने पट्टी कशी जाईल?

---

सुरंगी (हर्णै)

सागरवेळ, हे मी सांगते, कारण आमच्या मच्छीच्या हिशेबात हा प्रश्न रोजचा आहे.

बोट बंदरावर आली की एक फेरी नोंदवतो. फेरीच्या पोटात मासे: सुरमई किती किलो, बांगडा किती, कोळंबी किती, लिलावात काय भाव गेला. सोबत दुसरी यादी खर्चाची: डिझेल, बर्फ, शिधा. आता एखादी बोट वारा बदलला म्हणून अर्ध्यातून रिकामी परत येते. माशांची यादी रिकामी, खर्चाची भरलेली. 'फ्रॉम फेऱ्या फ, फ.मासे म' असं लिहिलं की त्या फेरीसाठी फिरायला आत काहीच नाही, म्हणून उत्तरात तिची एकही ओळ नाही. अहवालात ती फेरी झालीच नाही. नेमकी तोट्याची फेरीच गळते आणि सरासरी फायदा छान दिसू लागतो. तांडेलाने (बोटीच्या प्रमुखाने) तो कागद पाहिला तर तुमच्या संगणकावर परत विश्वास ठेवणार नाही.

उपाय सोपा आहे, स्वल्पविरामाऐवजी लेफ्ट जॉइन, म्हणजे उजवीकडे काही नसलं तरी डावीकडची ओळ ठेवणारी जोडणी. पोस्टग्रेसमध्ये 'लेफ्ट जॉइन लॅटरल ... ऑन ट्रू'. पण तो आठवणीने लावावा लागतो. स्वल्पविरामाचं सुटसुटीत रूप हाताशी असलं की लोक तेच लिहिणार. म्हणून जांभाकातळ, तुमची सुबक मांडणी मला आवडते, पण तिच्यातला हा खड्डा नवशिक्याला दिसत नाही.

दुसरा खड्डा याहून खोल आहे. तुमच्या पट्टीत दोन याद्या शेजारी आहेत, आणि कुणीतरी हे लिहिणारच:

फ्रॉम पट्ट्या प, प.ओळी ओ, प.वजावटी व

समजा एका पट्टीत तीन ओळी आहेत, २०, १५ आणि १० पेट्यांच्या. एकूण ४५. वजावटी चार. वरच्या 'फ्रॉम'मधून त्या पट्टीच्या १२ ओळी निघतात. पेट्यांची बेरीज केलीत तर १८० येते, आणि वजावटींची रक्कम तिप्पट. कुठलीही चूक दाखवली जात नाही, आकडा गुपचूप चुकतो. तीन टेबलांच्या जोडणीतही हेच होतं, हे रापणकरांना माहीत असेलच.

---

रापणकर (मालवण)

सुरंगीताई, अगदी बरोबर. फक्त टेबलं असली की माणूस जोडणी लिहिताना निदान थबकतो. आत टिंबाने जाताना थबकत नाही.

---

जांभाकातळ (देवगड)

सुरंगीताई, दुसऱ्या खड्ड्यावर मला वाटतं की वाढवलेल्या 'फ्रॉम'मध्येच उत्तर आहे. दोन याद्या बाहेर काढून एकमेकींवर आपटायच्याच कशाला? प्रत्येकीची बेरीज तिच्या जागीच करावी:

सिलेक्ट प.क्रमांक,
(सिलेक्ट सम(ओ.पेट्या * ओ.भाव) फ्रॉम प.ओळी ओ) अ‍ॅज विक्री,
(सिलेक्ट सम(व.रक्कम) फ्रॉम प.वजावटी व) अ‍ॅज वजा
फ्रॉम पट्ट्या प

इथे बाहेरचा 'फ्रॉम' फक्त पट्ट्यांवर फिरतो. म्हणून पट्टीमागे एकच ओळ, रिकाम्या यादीचीसुद्धा. तिची बेरीज नल (मूल्यच नाही) येते, तिला कोअलेस या फंक्शनने शून्य करावं. तुमची रिकामी परतलेली फेरीही या मांडणीत गळत नाही. म्हणजे दोन्ही खड्डे चुकले. आणि उपप्रश्नाच्या 'फ्रॉम'मध्ये 'प.ओळी' लिहिता येतं म्हणूनच हे इतकं सरळ जमलं.

आमच्याकडे नियमच करतोय की बेरीज हवी असेल तर यादी बाहेर काढायची नाही.

---

खाडीकिनारी (मूळ दाभोळ, सध्या पुणे)

हा नियम चांगला आहे, लिहून भिंतीवर लावावा असा. याला जोडून एक: मानकातल्या जेसन_टेबलने हे दोन्ही खड्डे मुळातच बुजवलेत. त्यात 'नेस्टेड पाथ' लिहिलात तर आतली यादी रिकामी असली तरी बाहेरची ओळ राहते, आणि दोन नेस्टेड पाथ शेजारी लिहिले तर त्यांचा गुणाकार न होता एकाखाली एक ओळी येतात. ओळींच्या वेळी वजावटीचे रकाने नल, वजावटींच्या वेळी ओळींचे नल. बेरीज बरोबर येते. पोस्टग्रेसच्या १७ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२४ पासून, हे मिळतं. लिहायला लांबलचक आहे खरं, प्रत्येक रकान्याचा प्रकार आणि वाट सांगावी लागते. पण प्रकार सांगायला लागतात हेच मला त्याचं बळ वाटतं. 'भाव' म्हणून कुणी 'दीड हजार' असा मजकूर भरला असेल तर तो तिथे पकडता येतो. पण 'एरर ऑन एरर' असं लिहायला विसरू नका, नाहीतर तो आपला नल देऊन पुढे जातो.

---

सुरंगी (हर्णै)

नलचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट बोलायलाच हवी, कारण माझ्या मते या सगळ्या विस्तारात सगळ्यात महत्त्वाची तीच आहे.

तीन वेगळ्या स्थिती असतात. एक, खर्चाच्या यादीत बर्फ आहे आणि रक्कम शून्य, म्हणजे बर्फ फुकट मिळाला. दोन, बर्फ आहे पण रक्कम कोरी, म्हणजे घेतला होता, पावती अजून यायची आहे. तीन, बर्फ हा विषयच नाही, कारण बोट सकाळी जाऊन दुपारी आली. सपाट टेबलात दोन आणि तीन दोन्हींना नल. नेस्टेड रचनेत त्या मुळातच वेगळ्या आहेत, किल्ली आहे पण मूल्य नाही, आणि किल्लीच नाही. एसक्यूएल प्लस प्लसने यासाठी नलशेजारी 'मिसिंग' हे दुसरं मूल्य दिलं आणि 'इज मिसिंग' असं विचारता येऊ लागलं.

पोस्टग्रेसमध्ये हा भेद जपायचा तर डोळ्यात तेल घालावं लागतं. जेसनमधली किल्ली वाचायला दोन बाण आहेत. एका टोकाचा बाण वापरला तर किल्ली नसताना एसक्यूएलचा नल मिळतो, आणि किल्ली असून मूल्य नल असेल तर जेसनचा नल मिळतो, म्हणजे भेद टिकतो. डबल टोकाचा बाण, जो मजकूर देतो, तो वापरला की दोन्हींना तोच नल. बहुतेक जण डबल टोकाचाच वापरतात. थकलेल्या पावत्यांची यादी काढायची असेल तर हा फरक म्हणजे सगळं काही आहे. एक ऑगस्टला हंगाम सुरू झाला की कोणाचे किती देणे बाकी, हे त्याच्यावरच ठरतं.

---

आंबेवाला_पावस (पावस)

मी संगणकाचा माणूस नाही, बागायतदार आहे. मुलाने हा धागा दाखवला म्हणून वाचला. सगळं कळलं असं म्हणणार नाही, पण पट्टी मला कळते.

दोन गोष्टी विचारतो. दलालांच्या पट्ट्यांचा नमुना दरवर्षी बदलतो. यंदा एक वजावट वाढते, पुढच्या वर्षी तिचं नाव बदलतं. तुमचं गणित त्यात मोडणार नाही ना? आणि दुसरं, आज भरलेली पट्टी दहा वर्षांनी उघडता येईल का? माझ्या वडिलांच्या वह्या अजून पेटीत आहेत आणि कुठलंही पान उघडलं तरी हिशेब लागतो.

---

जांभाकातळ (देवगड)

काका, दोन्ही प्रश्न नेमके आहेत.

पहिल्याचं उत्तर: वजावटी यादीच्या रूपात ठेवतोय, प्रत्येकीचं नाव आणि रक्कम. नवी वजावट आली तर यादीत एक नोंद वाढते, टेबलाला हात लावावा लागत नाही. नाव बदललं तर जुन्या पट्ट्यांवर जुनंच नाव राहील, कारण कागदावर तेच होतं. दोन्ही नावं एकच आहेत हे सांगणारा वेगळा छोटा तक्ता असेल.

दुसऱ्याचं: दर हंगामाच्या शेवटी सगळ्या पट्ट्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये उतरवून बागायतदाराच्या हातात देणार, आणि मूळ पट्टीचा फोटो सोबत. आमचा प्रोग्रॅम नसला तरी ती फाइल वाचता येईल, आणि डकडीबीसारख्या साधनाने तिच्यावर थेट एसक्यूएलही चालवता येईल.

---

सागरवेळ (रत्नागिरी)

फोनच्या बाजूबद्दल मला थोडं माहीत आहे. एसक्यूलाइटमध्ये जेसन_ईच हे फंक्शन 'फ्रॉम'मध्ये टेबलासारखं लिहिता येतं, आणि त्याला आधीच्या टेबलाचा रकाना देता येतो. म्हणजे तुमच्या स्वल्पविरामाच्या खूप जवळ. ३.३८ या २०२२ च्या आवृत्तीपासून जेसन मुळातच आत असतं आणि बाणांची चिन्हंही तेव्हाच आली. पण जुन्या फोनसोबत आलेली आवृत्ती त्याआधीची असते, म्हणून फोनमधली न वापरता अ‍ॅपसोबत आपलीच आवृत्ती बांधून दिलेली बरी.

आणि किल्ल्या मराठीत ठेवणार असाल तर एक पाहा. 'शेतकऱ्याचे_नाव' यातला ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरतात, काही साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे, पण डेटाबेस बाइट पाहतो, त्याला त्या दोन वेगळ्या किल्ल्या. मग अर्ध्या नोंदींत किल्ली 'नाही' असं उत्तर येतं. पोस्टग्रेसमधलं नॉर्मलाइज फंक्शन इथे कामाला येत नाही, कारण युनिकोडच्या दृष्टीने ती दोन रूपं समतुल्य नाहीतच.

---

सुरंगी (हर्णै)

सागरवेळ, शाब्बास. आमच्याकडे 'मिसिंग'ची संख्या अचानक वाढायची त्याचं एक कारण हेच असणार. किल्ल्या ठरलेल्या यादीतूनच निवडायला लावायच्या, टाइप करू द्यायच्याच नाहीत.

---

रापणकर (मालवण)

आता नक्की करा, जांभाकातळ. ओळी आत की बाहेर?

माझी कसोटी अशी: पोटातल्या वस्तूला स्वतःचं आयुष्य आहे का? बागेतलं कलम घ्या. फवारणी येते-जाते, मालक बदलतो, कलम तिथेच उभं. त्याला स्वतःचं टेबल हवं. भाडं किंवा हमाली पट्टीसोबत जन्मते आणि तिच्याबाहेर तिला कुणी विचारत नाही. ती आत राहिली तर माझी तक्रार नाही.

---

जांभाकातळ (देवगड)

तुमच्या कसोटीने ओळी बाहेर जातात. भावाचा प्रश्न सगळ्या पट्ट्यांच्या आरपार जातो, आणि हंगामात तोच सगळ्यात जास्त विचारला जातो. म्हणून असं ठरवतोय: दलाल, बागायतदार, पट्टी आणि ओळ ही सपाट टेबलं, फॉरेन कीसकट. वजावटी पट्टीच्या आत जेसनबीत. आणि वर एक व्ह्यू (टेबलासारखा वाचता येणारा तयार प्रश्न), 'पूर्ण_पट्टी', ज्यात ओळी जेसनबी_अ‍ॅगने गोळा होऊन यादी बनतात. फोनला आणि पडद्याला तो व्ह्यू, अहवालांना टेबलं. ओरॅकलच्या नव्या आवृत्तीत ड्युअ‍ॅलिटी व्ह्यू आहेत, त्यातून लिहितासुद्धा येतं. आपल्याला लिहिण्याचा भाग ट्रिगरने (नोंद होताच आपोआप चालणाऱ्या कोडने) करावा लागेल.

साठवणीत मी मागे आलो, पण भाषेबद्दलचं मत तेच आहे. 'पूर्ण_पट्टी'वर फिरताना मला 'प.ओळी ओ' एवढंच लिहायचं होतं. पोस्टग्रेसमध्ये तिथे जेसनबी_टू_रेकॉर्डसेट लिहून पुढे सगळ्या रकान्यांची नावं आणि प्रकार परत सांगावे लागतात, जे दोन ओळी वर टेबलाच्या व्याख्येत आधीच लिहिलेले आहेत. ही पुनरुक्ती भाषेतून जायला हवी.

---

रापणकर (मालवण)

मान्य. वजावटींना चेक (डेटाबेसने प्रत्येक नोंदीवर तपासायची अट) लावा: यादीच असावी आणि प्रत्येक रक्कम आकडाच असावी. जेसनबी_पाथ_एक्झिस्ट्सने जमतं. फक्त 'रक्कम आकडा नाही अशी नोंद शोध' एवढंच लिहिलंत तर ज्या नोंदीत रक्कम ही किल्लीच नाही ती निसटते, कारण वाट सैल पद्धतीने चालते आणि काही न सापडणं तिला चालतं. 'किल्ली नाही किंवा आकडा नाही' अशा दोन्ही अटी घाला.

---

सुरंगी (हर्णै)

पण मग पावती न आलेल्या वजावटीचं काय? तिची रक्कम नल असणार, आणि नल हा आकडा नाही. तुमचा चेक तिला आत येऊ देणार नाही.

---

जांभाकातळ (देवगड)

ती यायला हवी. अट अशी करतो: किल्ली असलीच पाहिजे, आणि मूल्य आकडा किंवा नल. शून्य वेगळं, नल वेगळं, आणि किल्ली नसलेली नोंद दारातच परत. आज रात्री जुन्या पट्ट्यांवर ही अट चालवून पाहतो आणि ज्या अडकतील त्यांचे नमुने इथे टाकतो.